घोळणा फुटला की दोष कुणाचा?



ठाण्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे, म्हणून मी ते माझ्या शब्दांत थोडक्यात सांगतो. त्यांचा मुलगा शारजा अमिरातीतल्या हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला आहे आणि बिऱ्हाड अजमानला आहे. नातवंडांना भेटायला म्हणून दोघे नवराबायको जूनमध्ये तिकडे गेले. यजमानांचे वय ७२, मधुमेह अठरा वर्षांपासूनचा, जोडीला रक्तदाब. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांचा घोळणा फुटला. थोडे रक्त आले, थांबले. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. मुलगा म्हणाला, इथली उष्णता बाधली. शेजारच्या बाई म्हणाल्या, साखर वाढली की नाकातून रक्त येतेच. काकांनी दोन्ही कारणे मान्य केली, कांदा फोडून हुंगला, डोक्यावर गार पाणी ओतून घेतले आणि मान मागे टाकून पडून राहिले. पाचव्या खेपेला पहाटे जाग आली तो उशी लाल झालेली, घशात रक्ताच्या गाठी, आणि पाठोपाठ काळपट उलटी. सुनेने रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात नाकात बोळा भरून रक्त थांबवावे लागले.

पत्राच्या शेवटी बाईंचा एकच प्रश्न आहे: "हे मधुमेहामुळेच झाले ना?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ नाही. नुसती साखर वाढली म्हणून नाकातली शीर फुटत नाही. पण मधुमेही माणसाच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर मधुमेहाबरोबर घरात शिरलेल्या इतर मंडळींकडे पाहावे लागते: रक्तदाब, मूत्रपिंड, कोरडे पडलेले नाक, आणि सर्वांत आधी गोळ्यांचा डबा. बहुतेक वेळा कारण एकटे नसते. दोन-तीन कारणे एकत्र येतात, आणि आपण मात्र "उष्णता" म्हणून मोकळे होतो.

आधी नाकाची रचना समजून घेऊ. दोन नाकपुड्यांच्या मधला जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या भागात, बोट घातले तर पोहोचेल इतक्या जवळ, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. चार-पाच धमन्यांच्या फांद्या तिथे येऊन मिळतात आणि त्यांच्यावर अगदी पातळ त्वचेचे आवरण असते. डॉक्टर या जागेला 'लिट्ल्स एरिया' म्हणतात. दहापैकी सुमारे नऊ वेळा घोळणा इथेच फुटतो. हे रक्त पुढून येते, दिसते, आणि नीट दाबले तर थांबते. उरलेल्या एखाद्या वेळी रक्त नाकाच्या मागच्या बाजूने येते. ते घशात उतरते, बाहेर कमी दिसते, दाबूनही आवरत नाही. हा प्रकार उतारवयात, रक्तदाब असलेल्यांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत जास्त. काकांच्या पाचव्या खेपेला घशात गाठी आल्या. रक्त मागून आले असेल, किंवा झोपेत पुढचेच रक्त मागे ओघळले असेल. उलटी काळपट होती ती गिळलेल्या रक्तामुळे. जठरातल्या आम्लाने रक्त काळे पडते.

आता उष्णतेचे पाहू, कारण या पत्रात सर्वांनी तिच्यावरच ठपका ठेवला आहे.

हमरिया हे गाव आखाताच्या किनाऱ्यावर, अजमानच्या उत्तरेला आहे. १९९५ साली तिथे फ्री झोन सुरू झाला. आज तिथे खोल पाण्याचे बंदर आहे, पोलादाचे, तेलाचे, लाकडाचे कारखाने आणि गोदामे आहेत, आणि त्यांत आपल्याकडची पुष्कळ माणसे काम करतात. तिथला उन्हाळा इतका कडक की १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास साऱ्या अमिरातीत कायद्याने बंदी आहे. तेव्हा मुलगा उष्णतेचे नाव घेतो यात नवल नाही, त्याचे डोके रोजच तापत असणार. पण काका काही उन्हात उभे नव्हते. ते दिवसरात्र बंद खोलीत, गार हवेच्या झोताखाली बसलेले होते.

गंमत अशी की आखाताच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात बाहेरची हवा चिकट, दमट असते. आपल्या मुंबईसारखीच, तिच्याहून तापलेली. तिथे नाक कोरडे पडते ते घरात. वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना तिच्यातले पाणी काढून घेते. खिडकीबाहेर नळीतून टपटप पडते ते तेच पाणी. अशा हवेत रात्रभर, झोत थेट तोंडावर घेऊन झोपले की नाकातला ओलावा सुकतो, खपल्या धरतात, सकाळी बोट जाते आणि खपली निघते. विमानाच्या केबिनमधली हवा तर याहूनही कोरडी असते. म्हणून प्रवासानंतरच्या दिवसांत घोळणा फुटल्याची तक्रार पुष्कळ ऐकू येते. मुंबईत किंवा इस्रायलात राहणाऱ्या वाचकांनी हे दूरच्या वाळवंटाचे प्रकरण समजू नये. बंद खोली आणि यंत्राची हवा आता सगळीकडे सारखीच आहे, आणि इस्रायलच्या थंडीत खोली गरम करणारे यंत्रही नाकाला तसेच कोरडे करते.

इथे मधुमेह मदतीला येतो, म्हणजे वाईट अर्थाने. साखर बरीच वाढलेली असली की लघवी वाढते आणि शरीरातले पाणी कमी होते. तोंडाला कोरड पडते तशी नाकालाही पडते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यांनीही लघवीचे प्रमाण वाढते. गोळ्या चांगल्या आहेत, मनाने बंद करू नका. पण त्या घेणाऱ्याने गरम प्रदेशात गेल्यावर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना आधी विचारावे. दुसरे असे की बरीच वर्षे साखर आटोक्याबाहेर राहिली तर बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि जखम भरायला वेळ लागतो. डोळ्यांच्या पडद्याबद्दल आपण हे ऐकलेले असते. नाकातली खपली एकदा निघाली की तरुणाची दोन दिवसांत भरेल, आपली भरायच्या आतच पुन्हा निघते. शिवाय मधुमेहींच्या नाकात जंतुसंसर्ग लवकर होतो, नाकपुडीच्या तोंडाशी फोड येतात. तो फोड पिळू नये, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी पिळून येतो.

पाणी प्या म्हटले की तिकडे ताजे रस आणि गोड सरबते हातात येतात. त्यांनी साखर चढते, लघवी वाढते आणि आहे ते पाणीही जाते. तहानेला साधे पाणी किंवा बिनसाखरेचे ताक. शब्बाथच्या किद्दुशला मनुकांचे शरबत घोटभर घेतले तर त्याची कुणी चिंता करू नये. पेला भरून घेणे वेगळे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र माझे हे वाक्य वाचून पाणी वाढवू नये.

उष्णतेवर खापर फोडण्याची खोड जुनी आहे आणि मोठमोठ्यांना होती. रंबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, स्पेन-मोरोक्कोकडून इजिप्तला गेले आणि बाराव्या शतकात तिथे वैद्यकी करू लागले. त्यांनी लिहून ठेवले आहे की पश्चिमेकडे असताना मधुमेहाचा रोगी आपण पाहिला नाही, पण इजिप्तमध्ये सुमारे दहा वर्षांत वीसहून अधिक पाहिले. त्यांनी याचा संबंध गरम देशाशी आणि नाईलच्या पाण्याशी जोडला. निरीक्षण पक्के, मोजदाद प्रामाणिक. कारण मात्र चुकले. त्या काळी रक्तातली साखर तपासण्याचे साधन नव्हते. आपल्याकडे आहे, तरी आपण कांदाच हुंगतो. (अबू धाबीत २०२३ साली उघडलेले सिनेगॉग याच रंबामच्या नावाने आहे. काकांना ते पाहायचे होते, असे बाईंनी लिहिले आहे.)

आता गोळ्यांच्या डब्याकडे येऊ. या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ताज्या कलमाने समासात लिहिलेली एक ओळ: "गुडघे दुखत होते म्हणून मुलाने तिथल्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिली होती, ती रोज दोनदा घेत होते." आणि त्याआधीच्या पानावर काकांच्या नेहमीच्या गोळ्यांची यादी आहे. त्या यादीत कोलेस्टेरॉलची म्हणून जी कॅप्सूल आहे, तिच्यात ॲस्पिरिनही आहे. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते. आपल्याकडे अशा जोड-गोळ्या पुष्कळ मिळतात. नावाच्या मागे 'एव्ही'सारखी दोन अक्षरे असतात आणि एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन व कोलेस्टेरॉलचे औषध असते. ॲस्पिरिन रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू देत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही तेच करतात, शिवाय रक्तदाब चढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. दोन्ही एकत्र, वरून कोरडे नाक. काकांच्या नाकाने आणखी काय करायचे होते?

ज्यांच्या डब्यात क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसिट्रॉम, ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन यांपैकी काही आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. या गोळ्यांनी घोळणा फुटतोच असे नाही, पण फुटला तर थांबायला वेळ लागतो. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्याने वारंवार रक्त आल्यास आयएनआर ही तपासणी लगेच करून घ्यावी. पण रक्त पाहून घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने ती गोळी अचानक सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतते. नाकातले रक्त दाबून थांबवता येते, ते दुखणे तसे थांबत नाही. गोळी बदलायची, कमी करायची की चालू ठेवायची, हे ज्यांनी दिली त्यांना त्याच दिवशी विचारावे.

याची दुसरी बाजूही आहे. मधुमेह आहे म्हणून सरसकट ॲस्पिरिन सुरू करण्याची पद्धत एके काळी होती. ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेहींवर, ज्यांना हृदयविकार नव्हता अशांवर, सरासरी सात वर्षांहून अधिक काळ एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. हृदयविकार, पक्षाघात वगैरे गंभीर घटना ॲस्पिरिनवाल्यांत ८.५ टक्के झाल्या, दुसऱ्या गटात ९.६ टक्के. फायदा खरा. पण मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवाल्यांत ४.१ टक्के, दुसऱ्या गटात ३.२ टक्के. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने बरेचसे गेले. म्हणून ज्यांना हृदयविकार, पक्षाघात झालेला नाही आणि वय सत्तरीपुढे आहे, त्यांनी डॉक्टरांना एकदा विचारावे: "ही गोळी मला अजून लागते का?" विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही डब्यात असतील तर दाखवाव्यात. लोक त्यांना औषध समजत नाहीत, म्हणून सांगायचे राहून जाते.

रक्तदाबाविषयी डॉक्टरांत थोडा वाद आहे. त्याने घोळणा फुटतो की फुटलेला लवकर थांबत नाही, एवढाच तो वाद. आपल्याला दोन्हींत त्याची काळजी घ्यायचीच आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवा की रक्त पाहून घाबरलेल्या माणसाचा दाब त्या वेळी चढलेलाच असतो. तेवढ्यावर नवी गोळी सुरू करू नये. शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, पुन्हा मोजावा.

मूत्रपिंडांचे वेगळे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांत मूत्रपिंडे हळूहळू अधू होतात, आणि ती फार बिघडली की प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही नीट काम करीत नाहीत. नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त, अंगावर न लागता निळे डाग असे एकत्र दिसले तर क्रिएटिनिन आणि रक्तातल्या पेशींची मोजणी करून घ्या. यकृताचा आजार आणि डेंग्यू यांतही प्लेटलेट कमी होतात. पावसाळ्यात ताप आणि घोळणा एकत्र आले तर घरी थांबू नये.

दोन गोष्टी कमी वेळा दिसतात, पण चुकवून चालणार नाहीत. एक, रक्त नेहमी एकाच नाकपुडीतून येते आणि ती बाजू चोंदलेलीही राहते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने आत पाहिलेच पाहिजे, कारण गाठ असू शकते. दुसरी, काळी बुरशी. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले, आणि केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितले. त्या रोग्यांत आटोक्याबाहेरचा मधुमेह असलेले पुष्कळ होते. ही बुरशी कोविड नसतानाही मधुमेहीला गाठू शकते. साखर फार वाढलेली, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, गालाच्या एका बाजूला दुखणे किंवा बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, वरचे दात हलणे. यांतले काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आता घोळणा फुटल्यावर काय करायचे. आपल्या घरांत जे करतात त्यातले बरेचसे उलटे आहे. मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते. घशात उतरते, पोटात जाते, उलटी होते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या श्वासनलिकेतही जाऊ शकते. आडवेही पडू नये. ताठ बसा, थोडे पुढे वाका, समोर वाटी किंवा तसराळे धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग धरा. वरचे हाड नव्हे, हाड दाबून काही होत नाही. चिमूट घट्ट धरून तोंडाने श्वास घ्या. तोंडात आलेले रक्त थुंका, गिळू नका. आणि घड्याळ पाहून पूर्ण पंधरा मिनिटे चिमूट सोडू नका. थांबले का म्हणून मिनिटामिनिटाला सोडून पाहतात, तिथेच सारे फसते. गुठळी बसायला वेळ मिळत नाही. बोटे दुखली तर घरातल्या दुसऱ्याने धरावे. कोरडा कापूस आत कोंबू नये, काढताना खपली घेऊन येतो. कांद्याने मन गुंतते, एवढाच त्याचा उपयोग.

पंधरा मिनिटांनंतर वाहत असेल तर आणखी एकदा तितकाच वेळ धरा. तरीही थांबले नाही, किंवा रक्त घशातून येत राहिले, चक्कर आली, छातीत दुखले, दम लागला, तर रुग्णवाहिका. महाराष्ट्रात १०८, अमिरातीत ९९८, इस्रायलात १०१. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दुसऱ्या पंधरा मिनिटांची वाट न पाहता निघावे. पडून डोक्याला मार लागल्यावर नाकातून रक्त आले तर तेही लगेच.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका, जड उचलू नका, चहा-कॉफी कोमट घ्या. नाकात बोळा भरलेला असेल तेव्हा जेवण जात नाही, आणि इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतले जाते. साखर एकदम उतरते. त्या दिवसांत साखर घरी जास्त वेळा तपासावी आणि डोस विचारून घ्यावा.

पुढे पुन्हा होऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातले मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा, आणि झोपताना नाकपुडीच्या तोंडाशी बोटाने अगदी थोडे व्हॅसलिन. तेलाचे थेंब आत सोडू नयेत, झोपेत ते फुप्फुसात उतरू शकतात. यंत्राचा झोत तोंडावरून हलवावा, तापमान २५-२६ वर ठेवावे. नखे कापावीत, हे लहान मुलांना सांगतो तसे आपल्याला सांगतो आहे. ॲलर्जीसाठी नाकात फवारा मारत असाल तर उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जाते. तरीही पुन्हा पुन्हा फुटत असेल तर तज्ज्ञ ती शीर औषध लावून बंद करतात. जागा बधिर करून दवाखान्यात बसल्या बसल्या होते.

मुलाबाळांकडे परदेशी निघालेल्यांसाठी थोडे. गोळ्यांची यादी ब्रँडच्या नावाने नव्हे, आतल्या औषधाच्या नावाने डॉक्टरांकडून लिहून घ्या. इथले ब्रँड तिथल्या दुकानदाराला ठाऊक नसतात, आणि तिथली गोळी वेगळ्या नावाखाली आपलीच जुनी गोळी असू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच. दुखण्यावरची ट्रॅमाडॉलसारखी औषधे अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत, परवानगीशिवाय नेली तर विमानतळावर अडचण होते. प्रवासाच्या विम्यात जुना मधुमेह धरला आहे का, हे निघण्यापूर्वी वाचून पाहा. बाईंच्या मुलाला रुग्णालयाचे बिल स्वतः भरावे लागले.

काकांची गुडघ्याची गोळी तिथल्या डॉक्टरांनी बंद केली आणि गरज पडेल तेव्हा पॅरासिटामॉल मोजून घ्यायला सांगितले. ठाण्याला परतल्यावर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चालू ठेवायचे ठरवले, कारण त्यांना पूर्वी एकदा झटका येऊन गेला आहे. क्रिएटिनिन थोडे वाढलेले निघाले. ते वेदनाशामक गोळीने वाढले की आधीपासूनच होते, हे पुढच्या महिन्याच्या तपासणीत कळेल. पत्र लिहीपर्यंत सहा आठवडे झाले होते आणि घोळणा पुन्हा फुटलेला नव्हता.